दुकान बंद करण्याची वेळ

आषाढ शुद्ध चतुर्दशीला चातुर्मास सुरू झाला की साधू-साध्वींचा विहार थांबतो. पावसाने वाटा हिरव्या होतात, सूक्ष्म जीवांची उत्पत्ती वाढते. चालताना त्यांची विराधना होऊ नये म्हणून चार महिने एकाच स्थानी राहण्याचा हा नियम आहे. नियम कडक खरा. तथापि श्वेतांबर परंपरेच्या स्थानांग सूत्राने त्याला मोजके अपवाद सांगितले आहेत, आणि पाण्याचा मोठा लोंढा येत असेल तर स्थान सोडण्याची मोकळीक हा त्यांपैकी एक. व्रतस्थ मुनींना शास्त्राने जी मोकळीक दिली, ती डोंगरावरच्या बाजारपेठेतील गृहस्थ स्वतःला सहसा देत नाही. गल्ला, भरलेले गोदाम आणि उधारीची वही त्याला जागेवर धरून ठेवतात.

महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान यांसारख्या दाट झाडीच्या गिरिस्थानांत किराणा, कापड, चप्पल आणि चिक्कीचा व्यापार करणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. मोसमात सुखाची वाटणारी ही गावे जुलै-ऑगस्टमध्ये वेगळ्याच स्वरूपात समोर येतात. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ही वार्ता बाहेर पोहोचली ती एस.टी.च्या चालकामुळे, तो नेहमीच्या वेळी गाडी घेऊन आला, तर गाव जागेवर नव्हते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक बळी गेले. महाड त्या वेळी पुराच्या पाण्यात होते, त्यामुळे मदत पोहोचायलाही विलंब झाला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेथे गाडीरस्ताच नव्हता. बचावपथके पावसात डोंगर चढून गेली आणि यंत्रे वर नेता न आल्याने हातांनी माती उपसत राहिली.

केरळातील वायनाड जिल्हा जैन समाजाला अपरिचित नाही. कल्पेट्टाजवळचे अनंतनाथ स्वामींचे मंदिर आणि सुलतान बत्तेरी येथील जुने जिनालय यात्रेकरूंना ठाऊक आहे. त्याच जिल्ह्यात ३० जुलै २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर मुंडक्कई आणि चूरलमला या गावांवर दरड आली आणि पहाटेपूर्वी दुसरा लोंढा आला. दोन गावांना जोडणारा पूल वाहून गेला. सैन्यदलाने १९० फुटांचा बेली पूल विलक्षण वेगाने उभारला, तरी तो पूर्ण व्हायला १ ऑगस्टची संध्याकाळ उजाडली. देशाची सारी यंत्रणा कामाला लागूनही अवजड यंत्रे पलीकडे नेण्यास इतका अवधी लागतो, हे डोंगरात राहणाऱ्याने हिशोबात धरलेच पाहिजे.

चारही घटना जुलैतल्या, आणि त्यांपैकी तीन ठिकाणी रस्ता तुटलेला, बुडालेला किंवा मुळातच नसलेला. म्हणजे संकटाच्या पहिल्या काही तासांत गाव बहुधा एकटेच असते. ११२ हा आपत्कालीन क्रमांक, १०८ ची रुग्णवाहिका, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे सारे पाठ असावेत. परंतु आंबेनळी घाट बंद पडला की महाबळेश्वरहून पोलादपूरकडे जाणारी वाटच बंद पडते. माथेरानला तर खासगी वाहने दस्तुरीलाच थांबतात आणि नेरळहून वर येणारी छोटी गाडी पावसाळ्यात अमन लॉजच्या खाली धावत नाही. अशा ठिकाणी बाहेर पडण्याचा निर्णय मदत येण्यापूर्वी, किंबहुना मदत मागण्याची वेळ येण्यापूर्वी व्हावा लागतो.

तो निर्णय कशावरून करावा? हवामान खाते २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पावसाला अति जोरदार आणि त्यापुढील पावसाला अत्यंत जोरदार म्हणते. महाबळेश्वरला जुलैत शंभर मिलिमीटरचा दिवस ही नित्याची गोष्ट. तेवढ्यावर घर सोडायचे तर दिवसाआड सोडावे लागेल. पण २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत तेथे सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्याच पावसाने तळियेचा आणि पाटण तालुक्यातील दरडींचा घात केला. शासकीय पर्जन्यमापकाचा आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचून उपयोग नाही. घराच्या अंगणात, आडोसा नसलेल्या जागी, सरळ उभ्या भिंतींचा एक पत्र्याचा डबा ठेवावा. सकाळी साडेआठला तो रिकामा करावा आणि संध्याकाळी पट्टी बुडवून पाहावी. जेवढे मिलिमीटर पाणी, तेवढा पाऊस. किराणा व्यापाऱ्याच्या घरी डबा आणि पट्टी यांची उणीव नसते.

डब्याच्या जोडीला डोळे हवेत. जमिनीला नवी भेग पडणे, दारे-खिडक्या एकाएकी घट्ट बसणे, विजेचा खांब किंवा झाड कलणे, स्वच्छ झऱ्याचे पाणी गढूळ होणे या खुणा डोंगर सरकू लागल्याच्या आहेत. सर्वांत फसवी खूण म्हणजे पाऊस चालू असताना ओढ्याचे पाणी अचानक कमी होणे. पाणी ओसरले म्हणून हायसे वाटते. वस्तुतः वर कोठेतरी माती कोसळून प्रवाह अडलेला असतो आणि तो फुटला की सारे एकदम खाली येते. अशा वेळी ओढ्याच्या कडेने खाली धावू नये, बाजूने उंच आणि पक्क्या जागी जावे. झाडी दाट आहे म्हणून डोंगर पक्का, ही समजूतही पुरती खरी नाही. मुळे वरचा थर धरून ठेवतात. त्याखालची माती पाण्याने भरून सुटली तर ती झाडांसकट खाली येते.

जैन कुटुंबात एक सोय आपोआप आहे, आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपते आणि त्या वेळी सारे एकत्र असतात. दरडी अनेकदा रात्री येतात आणि अंधारात निघणे सर्वांत धोक्याचे. म्हणून निर्णयाची वेळ हीच. खात्याचा लाल इशारा असेल आणि डब्यात दोनशे मिलिमीटर भरले असतील, किंवा वरीलपैकी एकही खूण दिसली असेल, तर ती रात्र त्या घरात काढायची नाही, असा नियम पावसाळ्यापूर्वीच ठरवून टाकावा. ऐन वेळी चर्चेला बसले की आजोबा म्हणतात, साठ वर्षांत काही झाले नाही. आजोबांचे म्हणणे खोटे नसते. पण साठ वर्षांपूर्वी दुकानामागचा डोंगर कापलेला नव्हता.

कोठे जायचे हेही आधीच पाहून ठेवावे. उपाश्रय, धर्मशाळा, मंगल कार्यालय ही नावे सहज सुचतात, परंतु ती इमारत स्वतःच कापलेल्या उताराच्या पायथ्याशी नाही ना, हे एकदा कोरड्या दिवशी जाऊन तपासावे. येथे संघाच्या विश्वस्तांवर एक वेगळी जबाबदारी येते. चातुर्मासासाठी विराजमान साधू-साध्वी वाहन वापरत नाहीत आणि रात्री विहार करत नाहीत. वयोवृद्ध साध्वीजी असतील तर चालण्याची गतीही कमी. त्यांना विनंती करायची ती गृहस्थांच्या आधी, दिवसाउजेडी. चातुर्मासाचे स्थान ठरवतानाच इमारतीमागील उतार पाहिला, तर ही विनंती करण्याची वेळ बहुधा येणारच नाही. विनंतीच्या वेळी स्थानांग सूत्रातील अपवादाचे स्मरण साध्वीजींना करून द्यावे लागत नाही. करून द्यावे लागते ते बहुधा विश्वस्तांना.

बरोबर घ्यायच्या पिशवीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. नेहमीची औषधे, चष्म्याचा जोड, विजेरी, उकळून गार केलेले पाणी, खाखरे, भाजलेले चणे, मुरमुरे आणि थोडी रोख रक्कम. वीज गेली की एटीएम आणि क्यूआर दोन्ही मुके होतात.

खरी अडचण पिशवीत न मावणाऱ्या वस्तूंची. दुकान सोडवत नाही, याचे मूळ कारण त्यात अडकलेले भांडवल आहे, आणि त्याची तरतूद जून उजाडण्यापूर्वी कागदावर झालेली असेल तरच पाय मोकळे होतात. इमारत, माल आणि सामान मिळून एका ठिकाणी पाच कोटींपर्यंत मूल्य असलेल्या व्यवसायासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून मिळते. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आहे. दोन्हींत पूर, दरड आणि जंगलातील वणवाही समाविष्ट आहे. मात्र विम्याची रक्कम प्रत्यक्ष मालाशी जुळली पाहिजे. गोदामात ४० लाखांचा माल आणि विमा २० लाखांचा असेल, तर १० लाखांच्या नुकसानीला साधारण ५ लाखच हाती येतात. उद्यम सुरक्षेत १५ टक्क्यांपर्यंतची तूट दुर्लक्षित केली जाते, त्यापुढची नाही. हप्त्यात वाचवलेले हजार-दोन हजार येथे लाखांनी वसूल होतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. जमीन खचणे आणि दरड यांना संरक्षण असले, तरी खोदकाम, बांधकाम किंवा बांधकामातील फेरबदल यांमुळे झालेली हानी त्यातून वगळलेली आहे. गोदाम वाढवण्यासाठी मागचा डोंगर पाच फूट कापणारा व्यापारी एकाच कुदळीने दोन भिंती पाडतो, मातीची आणि विम्याची.

नुकसान झाल्यावर माल किती होता हे सिद्ध कसे करायचे? ज्यांचे बँकेत कॅश क्रेडिट खाते आहे, त्यांना दरमहा साठ्याचे विवरणपत्र द्यावे लागते. बहुतेकांना तो छळ वाटतो आणि मागील महिन्याचे आकडे थोडे फिरवून ते भरले जाते. दुकान मातीखाली गेले की बँकेच्या फायलीतील हेच पत्र मालाच्या साठ्याचा वजनदार पुरावा ठरते. सर्वेक्षक त्याच्याशी खरेदीची बिले ताडून पाहतो, आणि फिरवलेले आकडे तेथे उघडे पडतात. माल बँकेकडे तारण असेल तर पॉलिसीत बँकेचे नाव असते आणि दाव्याची रक्कम प्रथम कर्जाकडे वळते, हेही ध्यानात असावे. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार नष्ट झालेल्या मालावर पूर्वी घेतलेले करक्रेडिट परत करावे लागते. म्हणून मालाचा विमा उतरवताना कराची रक्कम धरायची की नाही, हे सनदी लेखापालाला आधीच विचारलेले बरे. हिशोबाची प्रत तळावरच्या गावी, नातेवाइकांकडे किंवा ऑनलाइन साठवणीत ठेवावी.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले की चिंता मिटली, असे समजणाऱ्यांनी लॉकरचा करारनामा एकदा वाचावा. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे अशा बँकेच्या निष्काळजीपणातून झालेल्या हानीस बँक वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत जबाबदार असते. भूकंप, पूर यांसारख्या नैसर्गिक आपत्तीस ती जबाबदार नसते. गिरिस्थानावरील शाखेपेक्षा सपाटीवरच्या, पुराच्या रेषेबाहेरील शाखेत लॉकर घेणे अधिक श्रेयस्कर.

आता उरते चोरीचे भय. घर रिकामे करून गेलो आणि मागे कुणी शटर फोडले तर? वरील दोन्ही पॉलिसींमध्ये दरड, पूर यांसारख्या घटनेमुळे ओढवलेली चोरी, घटनेपासून सात दिवसांच्या आत झाली असेल, तर भरून मिळते. हे कलम फारसे कुणी वाचलेले नसते, आणि त्याच्या अज्ञानाची किंमत मालक स्वतः देत नाही. शेटजी सहकुटुंब सुरक्षित जागी जातात, आणि दुकान राखायला मागच्या खोलीत झोपणारा मुलगा ठेवला जातो. तो राजस्थानातून किंवा नेपाळातून आलेला असतो; डोंगराच्या खुणा त्याला कुणी सांगितलेल्या नसतात, आणि ‘मी पण येतो’ म्हणण्याचे धैर्य त्याच्याजवळ नसते. ज्या घरात पाणी गाळून प्यायले जाते, त्या घराने ही गोष्ट तपासून पाहावी. पावसाळा सुरू होताच त्याला सर्वांसमोर सांगावे की ज्या रात्री घर निघेल, त्या रात्री तोही निघेल, पगार कापला जाणार नाही आणि काही गेले तर जाब विचारला जाणार नाही. शटरची दुसरी किल्ली त्याच्या हाती द्यावी. मालक बाहेरगावी असताना लाल इशारा आला, तर फोनची वाट न पाहता कुलूप लावून उपाश्रयात जाण्याचा अधिकार त्याला असावा, आणि हे उपाश्रयाच्या व्यवस्थापकालाही आधीच कळवून ठेवावे.