उन्हाळ्यातील कीटक : उपद्रवींची नोंद, उपकारकांची उपेक्षा

वळिवाच्या एक-दोन सरी कोसळल्या की ग्रामीण महाराष्ट्रात कीटकांचे वेगळेच जग जमिनीबाहेर येते. कडुनिंब आणि बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात. दिव्यांभोवती पंख फुटलेली वाळवी घिरट्या घालू लागते आणि सह्याद्रीच्या कुशीतील झाडे काजव्यांनी उजळून निघतात. यापैकी काय अधिक दिसले आणि काय कमी, याची चर्चा दरवर्षी गावोगावी होते. मात्र सरकारदरबारी या चर्चेची एकच बाजू नोंदवली जाते. पिकांची हानी करणाऱ्या किडींची देशात नियमित मोजणी होते. परागीभवन करणाऱ्या, जमिनीचा कस राखणाऱ्या आणि पक्ष्यांचे खाद्य असणाऱ्या कीटकांची अनेक दशकांची सलग, देशव्यापी नोंद मात्र उपलब्ध नाही. ही उणीव शेतीच्या भवितव्याशी निगडित आहे.

टोळधाडीचा अनुभव

मोजणीचे महत्त्व २०२० च्या उन्हाळ्यात प्रकर्षाने दिसून आले. त्या वर्षी एप्रिलमध्ये राजस्थानात टोळांच्या झुंडी दाखल झाल्या. मे महिन्याच्या अखेरीस त्या मध्य प्रदेशमार्गे अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत पोहोचल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार एक चौरस किलोमीटरच्या झुंडीत सुमारे चार कोटी टोळ असू शकतात आणि ते एका दिवसात ३५ हजार माणसांना पुरेल इतके अन्न फस्त करतात. या संकटाचे मूळ २०१८ मध्ये अरबी द्वीपकल्पावर धडकलेल्या मेकुनू आणि लुबान या चक्रीवादळांत होते. वाळवंटात झालेल्या अवेळी पावसाने टोळांच्या प्रजननाला पोषक वातावरण मिळाले होते.

संकट मोठे असले तरी त्याला तोंड देणारी यंत्रणा जुनी होती. टोळांची पूर्वसूचना देणारी संघटना भारतात १९३९ पासून कार्यरत आहे. राजस्थान आणि गुजरातमधील सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर वाळवंटी प्रदेशावर तिची नजर असते. टोळ दिसत नसतानाही हे सर्वेक्षण होते, हेच त्याचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

महाराष्ट्रातही अशाच संकटातून एक यंत्रणा उभी राहिली. २००८ च्या खरिपात विदर्भातील सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प राबविण्यात येऊ लागला. ठरावीक शेतांत ठरावीक दिवशी किडींची संख्या मोजली जाते आणि ती आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेल्यास शेतकऱ्यांना सल्ला दिला जातो.

घट मोजायची कशी?

कीटकांची वाढ डोळ्यांत भरते, कारण तिचा फटका त्याच हंगामात बसतो. घट मात्र हळूहळू होते आणि प्रत्येक पिढी आपल्या लहानपणीच्या संख्येलाच नेहमीची संख्या समजते. त्यामुळे आठवणींवर विसंबून निष्कर्ष काढता येत नाही.

जर्मनीतील क्रेफेल्ड येथील हौशी कीटक अभ्यासकांनी या अडचणीवर मार्ग काढला. त्यांनी १९८९ पासून संरक्षित क्षेत्रांत तंबूसारखे जाळीचे सापळे लावून त्यात सापडणाऱ्या कीटकांचे वजन नोंदविले. ६३ ठिकाणच्या या नोंदींचे विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन ७६ टक्क्यांनी घटल्याचे त्यातून समोर आले. भर उन्हाळ्यातील घट तर ८२ टक्के होती.

तथापि, सर्वत्र हेच चित्र असल्याचे मानणे घाईचे ठरेल. जगभरातील १,६७६ ठिकाणांच्या नोंदी एकत्र करणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार जमिनीवरील कीटक दर दशकात सुमारे ९ टक्क्यांनी घटत असले, तरी गोड्या पाण्यातील कीटक सुमारे ११ टक्क्यांनी वाढत होते. यातील बहुसंख्य नोंदी युरोप आणि उत्तर अमेरिकेतील होत्या. उष्ण कटिबंधाविषयी ठोस विधान करण्यासाठी लागणारी सामग्रीच तोकडी आहे.

एका उन्हाळ्यावरून अनुमान काढण्यातही धोका असतो. वळीव लांबला तर भुंगेरे उशिरा निघतात. काजव्यांच्या अळ्या ओलसर जमिनीत वाढतात आणि गोगलगायींवर जगतात, त्यामुळे कोरड्या वर्षानंतर काजवे कमी दिसू शकतात. अशी तात्पुरती घट आणि कायमची घट यांतील फरक अनेक वर्षांच्या सलग नोंदींतूनच स्पष्ट होतो.

शेतीचा हिशेब

जगातील प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक पिके परागीभवनासाठी कमी-अधिक प्रमाणात कीटक आणि अन्य प्राण्यांवर अवलंबून असल्याचे २०१६ च्या एका आंतरराष्ट्रीय मूल्यांकनात नमूद करण्यात आले आहे. हिमाचल प्रदेशात सफरचंदाच्या फुलोऱ्याच्या काळात बागायतदार मधपेट्या भाड्याने आणतात. निसर्ग जी सेवा विनामूल्य देत होता, तिचे मोल तेथे रोख मोजावे लागते. कांद्याच्या बीजोत्पादनातही मधमाश्यांचे महत्त्व मोठे आहे.

मधमाशीपालनासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांच्या योजनेची घोषणा केली. परंतु पेट्यांची संख्या वाढली म्हणजे रानातील आग्या मोहोळे आणि एकट्याने राहणाऱ्या रानमाश्या सुरक्षित झाल्या, असे नव्हे. बांधावरील झाडोरा नाहीसा होणे, एकच पीक सलग घेणे आणि कीटकनाशकांची अनिर्बंध फवारणी यांचा फटका त्यांनाही बसतो. काजव्यांसमोर तर कृत्रिम प्रकाशाचेही संकट आहे. भंडारदरा परिसरात मे-जूनमध्ये काजवे पाहण्यासाठी पर्यटकांची गर्दी होते. नर आणि मादी एकमेकांना प्रकाशाच्या खुणांवरून ओळखत असल्याने वाहनांचे दिवे त्यांच्या मीलनात बाधा आणतात.

एकाच सापळ्यात दोन्ही उत्तरे

सर्वसामान्यांच्या सहभागाची सुरुवात देशात झाली आहे. फुलपाखरांच्या नोंदींसाठी सप्टेंबर २०२० पासून देशभर विशेष महिना पाळण्यात येऊ लागला. पतंगांच्या नोंदीही हौशी निरीक्षक जुलैमध्ये करतात. मात्र अशा नोंदी सुटीच्या दिवशी आणि शहरांच्या आसपास अधिक होतात. शेतशिवारातील चित्र त्यातून पुरेसे उमटत नाही.

त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. हुमणीसाठी लावलेल्या प्रकाश सापळ्यात भुंगेऱ्यांबरोबर पतंग, ढेकण्या आणि इतर अनेक निरुपद्रवी कीटकही येतात. किडीची संख्या लिहिताना त्यांचे एकत्रित वजन नोंदविले आणि ठिकाण, तारीख व सापळ्याचा प्रकार दरवर्षी तोच ठेवला, तर फारशा खर्चाविना एक मोलाची नोंदवही तयार होऊ शकते. तिचा उपयोग दिसू लागण्यास दहा-पंधरा वर्षे लागतील. टोळांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेने शांततेच्या वर्षांतही आपले काम चालू ठेवले. तोच धीर उपकारक कीटकांच्या बाबतीत दाखविला जातो का, यावर पुढील पिढीच्या शेतीचे गणित अवलंबून राहील.