लग्नानंतरची जात

'प्रेमाला जात नसते' हे वाक्य मराठीत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते खरे की खोटे, हे तपासण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली आहे. आमच्या मते ते खोटे आहे, आणि सोयीचेही आहे. आंतरजातीय जोडप्यातील दोघांपैकी हे वाक्य बहुधा एकच जण म्हणतो: ज्याला आजवर स्वतःची जात आठवण्याचे कारण पडले नाही, तो. दुसऱ्याला ती विसरण्याची मुभा कधी मिळालेलीच नसते.

हदगावसारख्या तालुक्याच्या गावी आडनाव सांगितले की पुढचे काही सांगावे लागत नाही. म्हणून अशी जोडपी नांदेड, हैदराबाद वा पुणे गाठतात. परंतु प्रश्न त्यांच्यासोबतच जातात. खोली भाड्याने घेताना कोणाचे आडनाव पुढे करायचे? घरात देव्हारा ठेवायचा, बुद्धाची प्रतिमा ठेवायची, की दोन्ही? पुढेमागे घरच्यांनी बोलावलेच, तर महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सुनेचा हात लागू देतील काय? पाठच्या बहिणीचे स्थळ मोडले तर तो बोल कोणी लावून घ्यायचा? आणि मुलाच्या शाळेच्या अर्जात जातीच्या रकान्यात काय लिहायचे? या शेवटच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये असे म्हटले की, मूल वडिलांच्याच जातीचे असे सरसकट धरता येणार नाही. ते कोणत्या परिस्थितीत वाढले हे पाहावे लागेल. न्यायालयालाही ज्या घराच्या आत डोकावणे आवश्यक वाटले, त्या घराच्या उंबऱ्याशी आपले बहुतांश कथात्म साहित्य थबकते, अशी आमची तक्रार आहे.

तेंडुलकरांचे 'कन्यादान' (१९८३) घ्या. वर्गात ते आदर्शवादाच्या पराभवाचे नाटक म्हणून शिकवले जाते आणि चर्चा नाथ देवळालीकरांच्या दुःखाभोवती फिरत राहते. पण हे नाटक घडते ते देवळालीकरांच्या घरात. अरुण आणि ज्योती यांचा संसार रंगमंचावर येतच नाही. तो आपल्याला ज्योतीच्या माहेरच्या दिवाणखान्यातून, तिच्या आईवडिलांच्या धास्तावलेल्या नजरेतून कळतो. दलित नवऱ्याची हिंसा प्रेक्षकाला ठाऊक होते, परंतु त्या दोघांत जातीविषयी एकांतात काय बोलले गेले, हे ठाऊक होत नाही. हे विवाहाचे नाटक नसून सासऱ्याच्या प्रयोगाचे नाटक आहे, हे शीर्षकच सांगते. दान देणारा बाप असतो. मग त्यावरून आंतरजातीय सहजीवनाचे निष्कर्ष कोणत्या आधारावर काढले जातात?

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने (२०१६) निदान हैदराबादेतील खोलीचे दार उघडले. तिथे भांडण आहे, संशय आहे, स्वयंपाक न येणे आहे. पण तिथेही जात शब्दांत फारशी येत नाही. ती शेवटी बाहेरून, शस्त्र घेऊन येते. आपल्या समीक्षेने तो रक्ताळलेला शेवट तेवढा उचलला आणि मधला संसार सोडून दिला.

या संसाराविषयी मराठीत जे लिहिले गेले, ते मुख्यतः स्त्रियांच्या आत्मकथनांत. मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) आणि सविता आंबेडकर यांचे 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' (१९९०) ही दोन नावे पुरेशी आहेत. सारस्वत ब्राह्मण घरातील शारदा कबीर यांचा बाबासाहेबांशी विवाह झाला तो १५ एप्रिल १९४८ रोजी. १९५६ नंतर त्यांच्यावर संशयाची जी राळ उडाली, ती त्यांच्या जन्मजातीला धरूनच होती. ही पुस्तके आपण नवऱ्यांच्या चरित्राची साधने म्हणून वाचतो. आंतरजातीय सहजीवनाचे दस्तऐवज म्हणून क्वचितच.

यावर कुणी म्हणेल, मुडदे पडत असताना तुम्ही स्वयंपाकघराच्या गोष्टी काय करता? नोव्हेंबर २०२५ मध्ये नांदेड शहरातच एका दलित तरुणाचा खून झाला. आरोप त्याच्या प्रेयसीच्या घरच्यांवर आहे, आणि तिने त्याच्या पार्थिवासमोर कुंकू लावून घेतले. हे आम्ही विसरलेलो नाही. पण प्रत्येक कथा रक्तापाशीच संपवणारे साहित्य त्या घरच्यांच्याच धमकीला दुजोरा देते: 'पाहा, याचा शेवट असाच होतो.' टिकलेल्या, चिडलेल्या, तडजोडी केलेल्या आणि रोज जातीविषयी बोलत राहणाऱ्या संसारांची कथा ही त्या धमकीला खोटे पाडणारी कथा आहे.

अमेरिकेत भिन्नवंशीय विवाहांवर बंदी घालणारे राज्यांचे कायदे १९६७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. आपल्याकडे हिंदूंमधील आंतरजातीय विवाहांना १९४९ च्या कायद्यानेच वैधता दिली. तरीही असे विवाह मूठभरच राहिले. जातीबाहेर विवाह न करणे हाच जातिसंस्थेचा गाभा, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये मांडले होते. आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, हे १९३६ मध्ये. मात्र विवाह झाला म्हणजे जात विरघळली, असे मानणे हा आपला आळस आहे. ती त्या दोघांना रोज विरघळवावी लागते, आणि त्यासाठी आधी तिचे नाव घ्यावे लागते.

तेव्हा साहित्याच्या अध्यापकांना आमचे सांगणे इतकेच: पुढच्या वेळी 'कन्यादान' शिकवताना नाथांचे स्वगत बाजूला ठेवा आणि विद्यार्थ्यांना विचारा, ज्योती आणि अरुण यांच्या घरात काय बोलले गेले असेल? वर्गात शांतता पसरेल. त्या बाकांवर असे काही जण बसलेले असतील, ज्यांना उत्तर ठाऊक आहे.