घाटातील मळमळ

पावसाळा सरू लागला की आपल्या वाशीम जिल्ह्यातील अनेक कुटुंबे परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला निघतात. घाट चढताना मुलांना मळमळू लागले, की ‘वरची हवा मानवत नाही’ असे म्हटले जाते. वास्तविक चिखलदऱ्याची उंची सुमारे १,१०० मीटर. विरळ हवेचा त्रास साधारणतः २,५०० मीटरच्या पुढे संभवतो. खरे कारण वळणांत आहे. कानाच्या अंतर्भागातील तोलाचे इंद्रिय हालचाल टिपते, पण मोबाईलवर खिळलेल्या डोळ्यांना सारे स्थिर भासते. या विसंगतीतून मळमळ उद्भवते.

म्हणून मुलांनी समोर, दूरवर पाहावे. पोट रिकामे नसावे, तुडुंबही नसावे. ओकारीची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, घाट लागण्यापूर्वी अर्धा-एक तास द्यावी. ओकारी सुरू झाल्यावर तिचा उपयोग अल्पच.

वाहन चालविणाऱ्याने मात्र ही गोळी घेऊ नये. त्याला वळण आधीच दिसत असल्याने सहसा तिची गरजही भासत नाही. तिने गुंगी येते. सर्दीच्या अनेक गोळ्यांनीही येते. त्याला सर्दी असल्यास निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. घाटात क्षणभराची डुलकीही साऱ्या कुटुंबाच्या जिवावर बेतू शकते.