शत्रूवर प्रेम करायचं, मग ख्रिस्ती माणूस सैन्यात कसा? कोर्टात गेलेला वाद आणि कोर्टात न गेलेला प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२५ रोजी लेफ्टनंट सॅम्युअल कमलेसन यांची याचिका फेटाळली. रेजिमेंटच्या मंदिर-गुरुद्वाराच्या गाभाऱ्यात पूजेसाठी जायला नकार दिला म्हणून या ख्रिस्ती अधिकाऱ्याला सैन्यातून काढण्यात आलं होतं. निकालानंतर धर्म मोठा की देश, असा नेहमीचा वाद रंगला. त्याच्या जोडीला एक जुना प्रश्नही विचारला जातो. शत्रूवर प्रेम करा, असं सांगणाऱ्या येशूचा अनुयायी मुळात बंदूक हातात घेतोच कशी?

हे दोन वेगळे विषय आहेत. एक कोर्टात गेला. दुसरा भारतातल्या कोर्टात फारसा जातच नाही. तो का जात नाही आणि त्यामुळे सुटतो का, हे पाहण्यासारखं आहे.

नेमकं प्रकरण काय होतं?

कमलेसन मार्च २०१७ मध्ये ३ कॅव्हलरी रेजिमेंटमध्ये दाखल झाले. या रेजिमेंटमध्ये शीख, जाट आणि राजपूत जवानांच्या स्क्वाड्रन आहेत. त्यांच्याकडे शीख जवानांचं नेतृत्व आलं. दर आठवड्याच्या धार्मिक परेडला आपण जवानांसोबत जातो, सणांनाही हजर असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. फक्त पूजा-आरती सुरू असताना गाभाऱ्यात जाण्यापासून सूट मिळावी, कारण आपली श्रद्धा एकाच देवाची उपासना करायला सांगते, ही त्यांची मागणी होती.

सैन्याचं म्हणणं वेगळं होतं. अधिकारी आपल्या जवानांच्या श्रद्धेपासून अंतर ठेवून उभा राहिला, तर लढाईच्या वेळी लागणारी एकजूट राहत नाही. वारंवार समजावूनही फरक पडला नाही म्हणून मार्च २०२१ मध्ये त्यांना सेवेतून काढण्यात आलं. ३० मे २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवला. हा धर्मस्वातंत्र्याचा नव्हे, वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडल्याचा प्रश्न आहे, असं न्यायालयाने म्हटलं. सरन्यायाधीश सूर्य कांत आणि न्यायमूर्ती जॉयमाल्य बागची यांच्या खंडपीठानेही दिलासा दिला नाही.

या सगळ्या प्रकरणात कमलेसन यांनी लढायला नकार दिलेला नव्हता. त्यांचा आक्षेप पूजेत सहभागी होण्याला होता, युद्धाला नव्हता.

मग शत्रूवर प्रेमाची शिकवण कुठून आली?

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशूचं 'डोंगरावरचं प्रवचन' सुरू होतं. शत्रूवर प्रेम करण्याची, छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची आणि एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करण्याची शिकवण त्यात आहे.

ही शिकवण कुणापुढे मांडली गेली, हे महत्त्वाचं आहे. ऐकणारे लोक रोमन साम्राज्याच्या ताब्यातले होते. रोमन शिपाई वाटेवरच्या माणसाला धरून आपलं ओझं वाहायला लावू शकत होता. निजामाच्या काळातली वेठ मराठवाड्याच्या जुन्या पिढीने ऐकलेली आहे, तसाच हा प्रकार. त्यामुळे ऐकणाऱ्यांसाठी 'शत्रू' हा रोज समोर दिसणारा माणूस होता.

पण त्याच बायबलमध्ये एका रोमन शताधिपतीच्या श्रद्धेचं येशू कौतुक करतो आणि त्याला नोकरी सोडायला सांगत नाही. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे शिपाई येतात, तेव्हा तो त्यांना लोकांना लुबाडू नका, पगारात समाधान माना, असं सांगतो. सैन्यात जावं की जाऊ नये, याची दोन्ही उत्तरं देणाऱ्यांना आधार याच ग्रंथात सापडतो.

पहिल्या ३०० वर्षांत दोन्ही प्रश्न एकत्र होते

रोमन सैन्यात ख्रिस्ती सैनिक होते आणि सैन्याला नकार देणारेही होते. इसवी सन २९५ मध्ये आजच्या अल्जीरियातल्या तेबेसा इथे मॅक्सिमिलियन नावाच्या २१ वर्षांच्या तरुणाने, आपण ख्रिस्ती असल्याने सैनिक होऊ शकत नाही, असं सांगितलं. त्याला मृत्युदंड झाला.

अशा नकारामागे दोन कारणं असत. एक, रक्त सांडणं. दुसरं, सैन्यातले धार्मिक विधी. सम्राटासाठी आणि रोमन देवतांसाठी होणाऱ्या यज्ञात सैनिकांना भाग घ्यावा लागे. टर्टुलियन या लेखकाने इसवी सन २०० नंतरच्या काळात एका सैनिकाबद्दल लिहिलं आहे. समारंभात सगळ्यांनी डोक्यावर पानांचा मुकुट घातला, याने तो हातात धरला आणि त्याला अटक झाली.

म्हणजे कमलेसन प्रकरणातला पेच नवा नाही. जुन्या प्रश्नाचा पूजेचा भाग दिल्लीच्या कोर्टात पोचला. रक्ताचा भाग मात्र बाहेरच राहिला.

'न्याय्य युद्ध' म्हणजे काय?

चौथ्या शतकात रोमन सत्ताच ख्रिस्ती झाली आणि प्रश्न उलटा झाला. आता राज्य आपलंच, मग त्याचं रक्षण कुणी करायचं? संत ऑगस्टीन आणि पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी 'न्याय्य युद्धा'चा विचार मांडला. निरपराध शेजाऱ्यावर हल्ला होत असताना हात बांधून बसणं म्हणजे प्रेम नव्हे, हा त्याचा गाभा. पण अटी कडक होत्या. युद्धाचा निर्णय अधिकृत सत्तेने घ्यावा, कारण न्याय्य असावं, हेतू सूडाचा नसावा. पुढे आणखी अटी जोडल्या गेल्या: बळ गरजेपुरतंच वापरावं आणि निःशस्त्र माणसाला हात लावू नये.

सगळ्यांना हे पटलं नाही. सोळाव्या शतकातले मेनोनाइट आणि सतराव्या शतकातले क्वेकर यांनी शस्त्र घ्यायलाच नकार दिला. जगभरातले यहोवाचे साक्षीदार आजही सैन्यात जात नाहीत. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी मांडल्या: देशासाठी लढणारा सैनिक लोकांच्या सुरक्षेचा सेवक आहे आणि सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद हवी. पोप फ्रान्सिस यांनी २०२० मध्ये आणखी पुढे जाऊन, आजच्या शस्त्रांच्या काळात 'न्याय्य युद्धा'बद्दल बोलणंच फार अवघड झालं आहे, असं लिहिलं.

महाराष्ट्रात दोन्ही वाटा दिसतात

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १०.८ लाख ख्रिस्ती आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी. पण सैन्यात हा समाज नेहमीच दिसला आहे. मुंबईत जन्मलेले, मूळ गोव्याच्या कॅथलिक कुटुंबातले जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज १९९० ते १९९३ या काळात देशाचे लष्करप्रमुख होते.

दुसरी वाट वर्ध्याच्या मगनवाडीत दिसते. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा मूळचे तामिळनाडूचे, ख्रिस्ती घरातले. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि त्यांनी त्याचं काम मगनवाडीतून सांभाळलं. त्याआधी, १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू असताना, त्यांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना अहिंसक लढ्याच्या बाजूने उभं राहण्याचं आवाहन केलं होतं. कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन बिशप फॉस वेस्टकॉट यांना कायदेभंग येशूच्या शिकवणीत बसत नाही असं वाटत होतं. कुमारप्पांनी त्यांच्याशी जाहीर वाद घातला. त्यांच्या दृष्टीने लाठी खाऊनही हात न उचलणारा सत्याग्रहीच त्या शिकवणीच्या जास्त जवळ होता.

मराठी वाचकाला ही शिकवण परकी वाटण्याचं कारण नाही. ज्ञानेश्वरांच्या पसायदानातही दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा, एवढंच मागितलं आहे.

लातूर परिसराने हा प्रश्न १९४८ मध्ये पाहिला

शत्रूवर प्रेम ही चर्चमधली गोष्ट वाटते. पण रेणापूर ज्या लातूर भागात येतं, तिथल्या इतिहासात ती प्रत्यक्ष उभी राहिली. तेव्हा हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरमध्येच वकिली करायचा. रझाकारांनी गावोगाव केलेली लूट आणि हत्या मराठवाडा विसरलेला नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे.

न्याय्य युद्धाच्या कसोटीवर या कारवाईच्या कारणाचं समर्थन करणारे अनेक सापडतील. पण कसोटी तिथे संपत नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत रझाकारांच्या अत्याचाराचा सूड अनेक ठिकाणी सामान्य मुस्लीम कुटुंबांवर उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावं घेतली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. कारवाईदरम्यान आणि त्यानंतर संपूर्ण संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा समितीचा अंदाज होता. लष्कराची शिस्त एकूण चांगली होती, पण काही ठिकाणी वर्दीतली माणसंही लुटीत सामील झाली, असं समितीने नोंदवलं. आणि जीव धोक्यात घालून मुस्लीम शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद तिने केली.

लढाई चार-पाच दिवसांत संपली होती. शत्रू हरला होता. त्याच्या जातभाईंशी कसं वागायचं, हा प्रश्न मात्र तिथून पुढे सुरू झाला. 'शत्रूवर प्रेम' हे शब्द ज्यांनी कधी ऐकले नसतील, अशा माणसांनी तेव्हा शेजाऱ्याला घरात लपवलं.

भारतात हा प्रश्न कोर्टात का जात नाही?

कारण भारतात सक्तीची लष्करभरती नाही. जिथे सक्ती असते, तिथे शस्त्र नाकारणारा थेट तुरुंगात जातो आणि प्रकरण कोर्टात येतं. दक्षिण कोरियात यहोवाच्या साक्षीदारांच्या हजारो तरुणांनी असा तुरुंगवास भोगला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सदसद्विवेकाचं कारण मान्य केलं आणि २०२० पासून अशा तरुणांना तुरुंगांमध्ये ३६ महिन्यांची पर्यायी सेवा दिली जाते.

आपल्या राज्यघटनेत शक्यता नाकारलेली नाही. कलम ५१ क नुसार हाक आल्यावर देशाचं रक्षण करणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे आणि कलम २३ सार्वजनिक कामासाठी सक्तीच्या सेवेची मुभा सरकारला देतं. पण प्रत्यक्षात भरती स्वेच्छेने होते. २०२२ पासूनची अग्निवीर योजनाही ऐच्छिकच आहे. त्यामुळे ज्याला पटत नाही, तो अर्जच भरत नाही.

वर्दी चढवल्यावर चित्र बदलतं. १९८६ मध्ये केरळच्या शाळेत राष्ट्रगीत न गाणाऱ्या, पण आदराने उभ्या राहणाऱ्या मुलांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता. ती मुलंही यहोवाच्या साक्षीदारांच्या घरातली होती. सैनिकाला तेवढी मोकळीक नाही. कलम ३३ नुसार संसद सैन्यातल्या लोकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालू शकते आणि आर्मी ॲक्टनुसार कायदेशीर हुकूम मोडणं हा गुन्हा आहे.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलासाठी याचा अर्थ काय?

लातूर-नांदेड पट्ट्यात पहाटे रस्त्यावर १६०० मीटरचा सराव करणारी मुलं नवी नाहीत. पाऊस आणि सोयाबीनचा भाव दोन्ही बेभरवशाचे असताना भरती हा घर सावरण्याचा मार्ग असतो. त्यात ख्रिस्ती घरातला मुलगा असेल, तर त्याला दोन गोष्टी आधीच माहीत हव्यात. २०२५ च्या निकालानंतर, रेजिमेंटच्या धार्मिक रीतींपासून सूट मिळेलच, असं गृहीत धरता येणार नाही. आणि शस्त्र चालवण्याबाबत मनात शंका असेल, तर तिचा निकाल सही करण्याआधीच लावावा लागेल. नंतर तसा हक्क कायदा देत नाही.

तरीही वर्दीत गेल्यावर शिकवण संपते असं नाही. कायदा 'कायदेशीर' हुकूम पाळायला सांगतो. शरण आलेल्याला मारणं, जखमी शत्रूला उपचार नाकारणं, कैद्याचा छळ करणं याला १९४९ च्या जिनिव्हा करारांनी मनाई केली आहे आणि भारताने १९६० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. शत्रूच्या हातातलं शस्त्र पडल्यावर तो पुन्हा माणूस असतो, हे या कायद्याने मान्य केलेलं आहे.

शांततावादी ख्रिस्ती म्हणतील, एवढ्याने येशूची शिकवण पूर्ण होत नाही. न्याय्य युद्ध मानणारे म्हणतील, राज्य चालवणाऱ्या जगात एवढं तरी झालंच पाहिजे. हा वाद १,७०० वर्षांहून जुना आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो मिटलेला नाही. कोर्टाने हुकूम आणि पूजा यांच्यातला तंटा सोडवला. समोरच्या शत्रूकडे कसं पाहायचं, हे ठरवणं मात्र अर्ज भरणाऱ्यावरच सोडलेलं आहे, मग तो कुठल्याही धर्माचा असो.