दालनातील माणसांची निवड

पुण्याजवळ मोशी येथे डिसेंबरात भरणाऱ्या 'किसान' कृषिप्रदर्शनासारख्या ठिकाणी दालनाच्या सजावटीवर मुक्तहस्ते द्रव्य वेचणारे कित्येक कारखानदार त्या दालनात उभे राहावयाच्या माणसांची निवड मात्र अखेरच्या आठवड्यात, जो मोकळा सापडेल त्याच्या नावे हुकूम काढून उरकतात, हे मला अत्यंत अनुचित वाटते. रात्रभर प्रवास करून आलेला शेतकरी ठिबकाच्या संचापुढे थांबतो आणि विचारतो, की माझ्या चढउताराच्या जमिनीत शेवटच्या झाडाला पहिल्याइतकेच पाणी मिळेल काय, ताशी 2 लिटरचा ड्रिपर घ्यावा की 4 लिटरचा, आणि विहिरीच्या क्षारांनी तो तुंबला तर आम्लप्रक्रिया कशी करावी. अशा वेळी हाती केवळ माहितीपत्रक ठेवणारा, मग तो कितीही मधुरभाषी असो, त्या प्रश्नाचा अवमानच करतो. म्हणून शेतावर संच बसविणारा व बिघाड दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, जरी तो बोलण्यात संकोची असला तरी, दालनात प्रथम हवा. विक्रेत्याने त्याच्या शेजारी उभे राहावे. प्रदर्शनाला निघण्यापूर्वी या दोघांकडून संच जोडवून घ्यावा, उलटसुलट प्रश्न विचारावेत, उत्तर ठाऊक नसेल तेथे तसे स्पष्ट सांगून नाव, गाव व पीक टिपून घेण्याची सवय लावावी, आणि पाळ्या अशा बांधाव्यात की सायंकाळी येणाऱ्यालाही सकाळइतकेच प्रसन्न उत्तर मिळेल. दर ठरविण्याचा काही अखत्यारही त्यांना द्यावा. पुढील प्रदर्शनाच्या जागेची अनामत भरण्यापूर्वी कारखानदारांनी या नेमणुका निश्चित कराव्यात, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.