अडखळणाऱ्यासाठी पाटी

जवळची वाट ही नेहमी गावकऱ्यालाच जवळची असते. पुण्याच्या जुन्या पेठांत पत्ता विचारणाऱ्या परगावच्या पाहुण्याला एखादे आजोबा मोठ्या आपुलकीने सांगतात, "समोरच्या वाड्यात शिरा, हौदाच्या उजव्या अंगाने जा, मागच्या दाराने बाहेर पडलात की तेच घर!" पाहुणा वाड्यात शिरतो, हौदापाशी घुटमळतो, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात डोकावतो आणि ओशाळून माघारी फिरतो. आजोबांच्या सांगण्यात काडीची चूक नसते. फक्त ते सांगणे ज्याला वाट आधीच ठाऊक आहे, त्याच्याच उपयोगाचे असते!

संगणकावर मजकूर लिहिण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी जे प्रोग्रॅम असतात, ज्यांना एडिटर म्हणतात, त्यांतल्या शॉर्टकटांची गत अशीच आहे. शॉर्टकट म्हणजे माऊसला हात न लावता एकदोन कळा दाबून काम उरकणे. कंट्रोल आणि एस दाबले की मजकूर जपून ठेवला जातो. कंट्रोल आणि झेड दाबले की नुकतीच केलेली चूक निस्तरली जाते. सरावलेल्याची बोटे पेटी वाजवणाऱ्यासारखी कळफलकावर फिरतात. नवखा नुसता पाहत राहतो. आणि गंमत अशी की, तो प्रोग्रॅमवर कधी रागावत नाही. "मला नाही हे जमायचे," असे म्हणून तो स्वतःलाच नापास करून टाकतो. महाविद्यालयाच्या संगणककक्षात हे वाक्य इतक्या वेळा कानी येते की, त्यासाठीच एक शॉर्टकट काढावा!

यात खरोखर दोष कुणाचा? व्हीआय नावाचा एक जुना एडिटर आहे. तो १९७६ साली बिल जॉय याने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात रचला. त्यात पडद्यावर इकडेतिकडे सरकायला एच, जे, के, एल ही अक्षरे वापरतात. नवख्याला वाटते, हा छळ कशासाठी? पण जॉय ज्या एडीएम-३ए यंत्रावर काम करीत होता, त्यावर बाणांच्या वेगळ्या कळाच नव्हत्या. याच चार अक्षरांच्या कळांवर बाण छापलेले होते. म्हणजे त्या काळी वाट कळेवरच लिहिलेली होती. पुढे ते यंत्र गेले, कळेवरचे बाण गेले, अक्षरे तेवढी राहिली. पाटी पडली आणि वाट उरली! आज जे गूढ वाटते, त्यातले पुष्कळसे असे पडलेल्या पाट्यांचे गूढ आहे.

याच व्हीआयचा धाकटा अवतार म्हणजे ब्रॅम मूलेनार याने १९९१ साली प्रसिद्ध केलेला व्हिम. त्यात शिरणे सोपे. बाहेर पडणे म्हणजे अभिमन्यूचा प्रश्न. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या ठिकाणी "व्हिममधून बाहेर कसे पडावे?" हा प्रश्न दहा लाखांहून अधिक वेळा वाचला गेल्याचे २०१७ साली जाहीर झाले. एका चक्रव्यूहात इतके अभिमन्यू! व्हिमच्या कर्त्यांनी मात्र यावर उपाय केला आहे. त्याच्याबरोबर मिळणाऱ्या शिकवणीत दुसराच पाठ बाहेर पडण्याचा आहे. आणि घाबरून कुणी कंट्रोल-सी दाबले, तर बाहेर कसे पडायचे ते खाली लिहून येते. सुभद्रेला झोप लागली म्हणून आता काही बिघडत नाही.

दुसरे उदाहरण सुज्ञपणाचे. कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे या क्रियांशी लॅरी टेस्लर याचे नाव जोडलेले आहे. त्यांच्या कळा एक्स, सी, व्ही. आणि शेजारी चूक निस्तरणारी झेड. चारही कळा डाव्या हाताखाली एका ओळीत. एक्स म्हणजे काट मारल्याची फुली. व्ही म्हणजे राहून गेलेला शब्द घुसवताना आपण काढतो त्या काकपदाचे उलटे रूप. यातला सी सोडला तर इंग्रजी आद्याक्षराचा संबंधच नाही. ज्या मुलाचे शिक्षण मराठीतून झाले, त्याला 'सेव्ह'चा एस हा पाठ करावा लागतो. फुली मात्र त्याला बालवाडीपासून कळते.

पाठ करण्यापेक्षा नियम कळावा, हे आम्हा व्याकरण शिकवणाऱ्यांचे जुने रडगाणे! पण या बाबतीत ते खरे आहे. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकावर 'क' ज्या कळेवर आहे, तिथेच शिफ्ट धरले की 'ख' उमटतो. 'ग'चा 'घ', 'त'चा 'थ', 'प'चा 'फ' असाच. शिफ्ट म्हणजे महाप्राण, एवढे एक वाक्य सांगितले की, पुष्कळ अक्षरे पदरात पडतात. व्हिममध्येही असेच एक व्याकरण दडलेले आहे. डी हे खोडण्याचे क्रियापद, डब्ल्यू म्हणजे शब्द; डीडब्ल्यू म्हणजे शब्द खोड. सी हे बदलण्याचे क्रियापद. मग सीडब्ल्यू म्हणजे काय, ते वाचकांनी सांगावे. पाच क्रियापदे आणि पाच कर्मे शिकली की, दहांच्या मोलात पंचवीस आज्ञा येतात. पण नवख्याच्या हाती पडते ती शंभर कळांची यादी! व्याकरण झाकून शब्दकोश पाठ करायला लावण्यासारखेच हे आहे.

दुसरी गरज आहे ती न घाबरता विचारण्याची. एनव्हीडीए हा दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात अशी सोय आहे की, ती चालू करून कोणतीही कळ दाबा. प्रोग्रॅम त्या कळेचे काम बोलून दाखवतो, पण ते काम करीत नाही. ज्यांना माऊस उपयोगाचा नाही, त्यांच्यासाठी कळा ही चैन नव्हे. तीच एकमेव वाट आहे. म्हणून तिथे हा विचार झाला. डोळस माणसालाही तो हवाच आहे. आग लावल्याखेरीज फटाक्याची जात कळत नसेल, तर शहाणे मूल फटाक्यांच्या वाटेला जात नाही.

यावर जुनी मंडळी म्हणतात, "आम्ही शिकलोच ना? सोसू दे त्यांनाही!" सासूने सोसले म्हणून सुनेने सोसावे, हा न्याय घराघरांतून आता जाऊ लागला, तो संगणकात कशाला ठेवावा? मात्र त्यांच्या म्हणण्यात एक रास्त भागही आहे. नवख्यांसाठी कळाच बदलून टाकल्या, तर वीस वर्षे सरावलेली बोटे आंधळी होतील. म्हणून वाटा बदलू नयेत, पाट्या लावाव्यात.

आणि या पाट्या कुणाच्या आड येऊ नयेत, असेही करता येते. नॅनो नावाचा साधा एडिटर नेहमीच्या आज्ञा पडद्याच्या तळाशी दोन ओळींत सतत लिहून ठेवतो. याहून चतुर युक्ती इमॅक्समधली. त्यात पहिली कळ दाबून तुम्ही क्षणभर थबकलात, की पुढे कोणकोणत्या कळा चालतील त्यांची यादी खाली उघडते. जो थबकत नाही, त्याला ती दिसतच नाही! जाणत्याचा खोळंबा नाही, नवख्याची फजिती नाही. ही सोय २०२५ साली आलेल्या इमॅक्सच्या ३०व्या आवृत्तीबरोबर मिळू लागली.

फक्त एक अडचण आहे. ही सोय आपली आपण चालू करावी लागते, आणि ती कशी चालू करायची हे नवख्याला ठाऊक नसते. पाटी उत्तम रंगवली आहे, अक्षर सुवाच्य आहे; पण ती कपाटात ठेवून किल्ली गावकऱ्याच्याच कनवटीला आहे. ती किल्ली तेवढी दारावर टांगा. मग "मला नाही हे जमायचे" असे म्हणणारी किती पोरे दिवाळीच्या सुट्टीतच वाटेला लागतात, ते पाहू!