चित्रांतील मौन
गेन्सबरो या इंग्रज चित्रकारानें १७८५ ते १७८७ या काळांत काढलेलें मिसेस शेरिडन हिचें तैलचित्र वॉशिंग्टन येथील नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्यें आहे. झाडाखालीं खडकावर ही कुलीन स्त्री बसली आहे. वाऱ्यानें केंस उडत आहेत. हात मांडीवर स्वस्थ आहेत. तिच्या सौंदर्याची स्तुति सर्वच करितात. परंतु ही बाथ शहरची विख्यात गायिका एलिझाबेथ लिनले, हें चित्रावरून कोणास कळावें? १७७३ सालीं नाटककार शेरिडन याजशीं विवाह झाल्यावर त्याच्या इच्छेनें तिचें जाहीर गायन बंद पडलें. पत्नीनें पैसे घेऊन गावें, हें त्यास कमीपणाचें वाटलें. पुढें १७७५ सालीं रेनल्ड्स या चित्रकारानें तिला संगीताची अधिष्ठात्री संत सिसिलिया हिच्या रूपांत दाखविलें. सभेंत जिचें गाणें नको, तिची चित्रांत मात्र पूजा! १७९२ सालीं ती क्षयानें वारली.

गुणानें मुकें राहावें असें जी प्रतिष्ठा सांगते, ती आमच्या मतें खरी प्रतिष्ठा नव्हे. विद्यार्थ्यांनो, असें चित्र पाहतांना रंग व वस्त्रें अवश्य पाहा. पण या हातांत वाद्य कां नाहीं, हेंही विचारा. आणि पालकहो, आपल्या कन्येविषयींही हाच प्रश्न स्वतःस विचारून पाहावा.